मूळच्या इंजिनाचा जोम



चालकांनी मला आग्रहाने बोलावले आणि विषय मात्र माझ्यावर सोपविला. मी किमान वेतनाविषयी किंवा माथाडी कायद्याविषयी बोलेन अशी त्यांची अटकळ असणार. त्या विषयांवर मी तीस वर्षे बोलत आलो आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक आता माझे वाक्य माझ्याआधीच पुरे करतात. म्हणून आज मी एका जुन्या मोटारीच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाविषयी बोलणार आहे. मूळचे इंजिन न बदलता त्याच्याकडून अधिक काम कसे घ्यावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी विद्वान नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली आणि चौदाव्या वर्षी सोलापुरातल्या एका गॅरेजात मी पाने-पकडी पुसायला लागलो. इंग्रजी अक्षरे मी अंकलिपीतून शिकलो नाही, स्पार्कप्लगच्या खोक्यांवरून शिकलो. पुढे युनियनच्या कामात पडलो, पण हाताचा तेलाचा वास काही गेला नाही. तेव्हा माझे काही चुकले, तर इथल्या मिस्त्रीमंडळींनी भीड न धरता सांगावे.

तीनएक वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका घरून मला बोलावणे आले. त्यांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत १९४८ सालची प्लायमाउथ गाडी उभी होती. आजोबांनी ती मुंबईहून जुनी म्हणून विकत आणली, आणि १९५९ साली आजींची वरात तिच्यातून निघाली. आजोबा गेले. आजी ऐंशीच्या पुढे गेल्या. त्यांची एकच इच्छा होती की त्याच गाडीतून एकदा तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरावी. गाडी सुरू होत होती, पण सपाट रस्त्यावरही तिला धाप लागे. नातवाला दोघातिघांनी सल्ला दिला होता की हे पेट्रोल पिणारे धूड काढून टाका आणि जीपचे डिझेल इंजिन बसवा. भंगारवाला तर मूळच्या इंजिनाला किलोवर भाव सांगून गेला होता. नातू मला म्हणाला, “काका, तुम्ही एकदा बघा. मग काय ते ठरवू.”

मी नातवाला म्हणालो, इंजिन बदलायला मिस्त्री लागतो, पण न बदलायला विचार लागतो. आधी विचार करू.

हे इंजिन आपल्याला परके नाही, हे मी तुम्हाला सांगितले पाहिजे. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. १८८२ साली त्यांचा जन्म तिथेच झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. डॉज, डी-सोटो आणि प्लायमाउथ ही नावे वेगवेगळी, पण बॉनेट उघडले की आत बहुतेक एकाच घराण्याचे सहा सिलिंडरांचे इंजिन. १९४८ साली महाराष्ट्रात एसटी सुरू झाली तेव्हा नगर-पुणे रस्त्यावर धावलेल्या पहिल्या बेडफर्ड बसचे इंजिनही सहा सिलिंडरांचेच होते. कारखान्यावर नाव मालकाचे असते, ते असू द्या. पण ज्या हातांनी ती इंजिने चौकटीत बसविली ते हात घाटावरचे आणि कोकणातले होते. भंगारात इंजिन जाते तेव्हा ती मेहनतही जाते, आणि ते दुरुस्त करण्याची विद्याही तिच्यामागून जाते.

आता इंजिनाकडे वळू. हे साइड व्हॉल्व्हचे इंजिन आहे. म्हणजे व्हॉल्व्ह डोक्यावर नसतात. ते सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये बसलेले असतात, आणि वरचे हेड म्हणजे केवळ पातेल्यावरचे झाकण. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंच, पिस्टनची चाल चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच. सहाही मिळून २१७.८ घनइंच, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३,५७० सीसी. कॉम्प्रेशनचे प्रमाण ६.६ ला एक, आणि ३,६०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती. आजची छोटी गाडी यापेक्षा निम्म्याहून लहान इंजिनातून जवळजवळ तेवढीच शक्ती काढते. मग नातवाने विचारले, यातून दीडशे का निघू नयेत?

याचे उत्तर पिस्टनच्या चालीत आहे. चाल लांब आहे. ३,६०० फेऱ्यांना पिस्टन सरासरी सेकंदाला तेरा मीटरहून अधिक धावतो. पाच हजार फेऱ्या मागितल्या तर साडेअठरा मीटर धावावे लागेल. एवढा लांब क्रँक केवळ चार मेन बेअरिंगांवर तोललेला आहे. तेव्हा फेऱ्या वाढवून शक्ती काढण्याचा मार्ग आपल्याला बंद आहे. या इंजिनाचा स्वभाव बैलाचा आहे, शर्यतीच्या घोड्याचा नाही. ते कमी फेऱ्यांना ओढते आणि दिवसभर ओढते. त्याच्याकडून अधिक घ्यायचे ते या स्वभावाला धरूनच घ्यायचे.

पण हिशेबाची दुसरी बाजू नातवाने पाहिलीच नव्हती. त्या इंजिनात आज ९५ तरी कुठे शिल्लक होते? जे हक्काचे होते तेच बुडाले होते, आणि आपण वाढीची मागणी करीत होतो. युनियनमध्ये आम्ही नेहमी सांगतो की आधी थकबाकी वसूल करा, मग बोनसचे बोला. इंजिनाच्या बाबतीत थकबाकी आपल्याकडून त्याला येणे असते, एवढाच फरक.

थकबाकी मोजायची कशी? सहाही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, आणि एकेका भोकात कॉम्प्रेशनचे मीटर धरून स्टार्टर फिरवावा. सहाही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. आमच्या गाडीचे पाच सिलिंडर ८५ ते ९५ पौंडांच्या दरम्यान आले आणि सगळ्यात मागचा सहावा ५० वर थांबला. मग त्या भोकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेलाने आकडा चढला असता तर दोष रिंगांचा. तो चढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह जळलेला. हा निदानाचा दवाखाना दोनशे वर्षे जुना असल्यासारखा साधा आहे, पण किती गॅरेजांत आधी मोजतात आणि मग पाना हातात घेतात?

व्हॉल्व्ह बदलून मोकळे होता आले असते. पण आमचे म्हातारे मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते खुर्चीवर बसून बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, “बाबा, सहावाच का जळला? पहिला का नाही?” या प्रश्नावर सारे काम फिरले.

या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, पुढच्या पाण्याच्या पंपामागून थेट शेपटापर्यंत, एक चपटी नळी घातलेली असते. तिला ठिकठिकाणी भोके असतात, आणि थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे नेऊन सोडणे हे तिचे काम. ही नळी गंजली की पाणी पुढच्या पुढेच सांडते आणि मागच्या सिलिंडरांना कोमट उष्टे पाणी मिळते. बंधूंनो, सोलापूर जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे काय होते, तेच सहाव्या सिलिंडरचे होते. काट्यावर मात्र सारा भरवसा ठेवता येत नाही.

रेडिएटर आणि पंप उतरवून, आकडा घालून ती नळी ओढली, तर तिचे तुकडेच हाती आले. नवी नळी एका तांबटाने पितळी पत्र्याची करून दिली. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या काढल्या तेव्हा आतून घमेलेभर तांबडा गाळ निघाला. मग व्हॉल्व्ह घासून बसविले. टॅपेटचे अंतर इंजिन गरम असताना इनटेकला इंचाचा आठ सहस्रांश आणि एक्झॉस्टला दहा सहस्रांश ठेवले. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या वेगळ्या बसविलेल्या असतात, त्यामुळे २००० साली देशातले शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरी थकबाकी विजेची. गाडी सहा व्होल्टची आहे. बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक तारा हिला लावल्या की विजेचा दाब वाटेतच गळतो, आणि मग लोक म्हणतात सहा व्होल्ट कुचकामी. आम्ही बॅटरीच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड घातल्या, अर्थिंगची जागा घासून लख्ख केली आणि डिस्ट्रिब्यूटरचा झिजलेला दांडा नव्या बुशात बसविला. व्हॅक्यूमचा पडदा फाटला होता, तो बदलला. ठिणगी वेळेवर पडणे ही फुकटची अश्वशक्ती आहे.

तिसरी थकबाकी श्वासाची. थंड मुलखात इंजिन लवकर तापावे म्हणून एक्झॉस्टची ऊब इनटेककडे वळविणारी एक झडप या इंजिनाला असते. आमच्या गाडीत ती गंजून उबेच्या बाजूलाच अडकली होती. वैशाखात ४२ अंशांची हवा, आणि तिला आपण आणखी शेकत होतो! १५ अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा नऊ टक्के विरळ असते. त्यात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच, तिथेही चारपाच टक्के जातात. उंची आणि ऊन आपल्या हातात नाहीत, पण झडप आपल्या हातात होती. ती मोकळी केली.

इतके झाल्यावर थकबाकी फिटली. रिंगांना हात न लावता सहाही आकडे शंभराच्या आसपास आले. आता वाढ मागण्याचा हक्क आपल्याला पोचला.

वाढ दोन ठिकाणी मिळते. पहिली हेडमध्ये. हेड खालून घासले की ज्वलनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढते. एका सिलिंडरची जागा ५९५ सीसी धरा. प्रमाण ६.६ असताना हेडमधली पोकळी १०६ सीसी येते. ते ७.६ करायचे तर ती ९० वर आणावी लागते. किती घासायचे हे डोळ्यांनी ठरवू नये. हेड उलटे ठेवावे, वर काच दाबून औषधाच्या पिचकारीने तेल भरावे आणि सहाही पोकळ्या मोजाव्यात, कारण त्या मुळात सारख्या नसतात. कमी-जास्त असतील त्या आधी सारख्या कराव्यात. मग हेड बसवून, व्हॉल्व्ह पूर्ण उचलला असता तो हेडला लागत नाही ना, हे मातीचा गोळा ठेवून पाहावे. पुस्तकातल्या सूत्राने एवढ्यावर सुमारे पाच टक्के शक्ती वाढते, आणि तेवढेच पेट्रोल वाचते. त्या काळच्या पेट्रोलला एवढा दाब सोसला नसता. आजच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा त्याहून वरचा असल्यामुळे तो सोसतो.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी एकोणीस वर्षांचा असताना गॅरेजात अशीच एक सहा सिलिंडरांची गाडी आली होती. मिस्त्रींनी हेड किती घासायचे ते खडूने लिहून ठेवले आणि ते जेवायला गेले. मालक येऊन म्हणाले, गिऱ्हाईकाला वेग हवा आहे, आणखी घास. मी घासले. हुशारी वाटली. आठ दिवसांनी गाडी घाटात ठोके देऊ लागली. चालवणाऱ्याने तसेच रेटले, आणि तिसरा पिस्टन फुटला. घाटात गाडी मागे घरंगळली. गाडीत लहान मुले होती. दगड लावायला एकजण वेळेवर उडी मारून उतरला म्हणून आज मी हे सांगू शकतो. मालकाने नुकसान मिस्त्रींच्या पगारातून सहा महिने कापले. मिस्त्रींनी माझे नाव घेतले नाही. मालकाने स्वतःचे घेतले नाही. मी गप्प बसलो. पुढे मी युनियनमध्ये का आलो असे लोक विचारतात, तेव्हा मी मोठमोठी कारणे सांगतो. खरे कारण ते सहा महिने आहेत.

म्हणून यावेळी आम्ही ७.६ वर थांबलो. मिस्त्रींनी खडूने आकडा लिहिला, आणि मी तो तीनदा वाचला.

दुसरी वाढ मॅनिफोल्डमध्ये. या इंजिनाला सहा सिलिंडरांसाठी इनटेकची तीनच दारे आहेत आणि मध्यभागी एकच कार्ब्युरेटर. मधल्यांना भरपेट मिळते, टोकाचे उपाशी राहतात. डॉजने स्वतः आपल्या मोठ्या मालमोटारींच्या सहा सिलिंडर इंजिनांवर दोन कार्ब्युरेटर बसविले होते, तेव्हा यात मूळ घराण्याचा अपमान नाही. पण दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवणे हे दोन सुनांचे घर चालविण्यासारखे आहे. आम्ही तो मोह टाळला आणि एक्झॉस्ट तेवढा दोन भागांत फोडला, पुढच्या तिघांचा एक पाइप आणि मागच्या तिघांचा एक. या इंजिनाचा पेट घेण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. पाहा, एकदा पुढचा पेटतो, एकदा मागचा. त्यामुळे फोडलेल्या प्रत्येक पाइपात धूर समान अंतराने येतो, आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही. जुना मॅनिफोल्ड आणि झडप फडक्यात गुंडाळून जपून ठेवली आहे. उद्या कोणाला पुन्हा मूळचे करायचे असेल तर तासाभरात होईल.

हे जपणे का, तेही सांगतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी ठरविली. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नवी नोंद वीस हजार रुपयांत होते, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चौकट, सांगाडा आणि इंजिनात मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र काढता येत नाही. या घराने जुनीच साधी नोंदणी चालू ठेवली होती, म्हणून तुळजापूरची वाट त्यांना मोकळी होती. डिझेल इंजिन बसविले असते, तर त्याची नोंद करून घेण्याचे हेलपाटे झाले असते, आणि ऐतिहासिक गाडी म्हणून तिचा मान कायमचा गेला असता.

आता शेवटची गोष्ट पेट्रोलची, आणि ती आपल्या जिल्ह्याची आहे. आज पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून निघते. इथेनॉल ठोका सोसते, हा त्याचा गुण. पण त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच हवेला सुमारे आठ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ते न दिले तर मिश्रण पातळ होते आणि व्हॉल्व्ह पुन्हा जळतात. कार्ब्युरेटरच्या जेटचा व्यास चार टक्क्यांनी वाढविला की हिशेब जुळतो. जुने रबर इथेनॉलने फुगते, म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या जातीच्या घातल्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. आणि उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते, म्हणून नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन वर अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, साधे काचतंतूचे वेष्टण घातले. अ‍ॅस्बेस्टॉसने कामगारांच्या फुप्फुसांचे काय केले ते मी पाहिले आहे.

फळ काय मिळाले? आमच्याकडे शक्ती मोजण्याचे यंत्र नव्हते. टॉप गिअरमध्ये वीस मैलांवरून चाळीस मैलांवर यायला पूर्वी सोळा सेकंद लागत. काम झाल्यावर अकरा लागले. पुस्तकातला हिशेब वाढीचा वाटा थोडाच सांगतो, म्हणजे बाकी सारी कमाई थकबाकीची होती. नवे असे आम्ही फार थोडे दिले. जे तिचे होते ते तिला परत दिले.

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यात एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत की नाही हा एक मोठा वाद होता. कामगार काम वाढवायला भितो, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. मी इतकेच म्हणतो की कोणाकडूनही अधिक मागण्यापूर्वी त्याला पाणी पोचते आहे का ते पाहावे, आणि ते पाहताना काट्यावर विसंबू नये, सहाव्याच्या अंगाला हात लावून पाहावा.

गेल्या चैत्रात गाडी सोलापुरातून निघाली. मिस्त्री पुढे बसले, आजी मागे. तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्याशी नातवाने माझ्याकडे पाहिले. पूर्वी या चढावर पहिला गिअर टाकून, निम्म्यावर थांबून पाणी ओतावे लागे, असे आजींनी सांगितले होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न थांबता वर गेली. वर पोचल्यावर आजी म्हणाल्या, “हे असताना सुद्धा ही इतकी निमूट चढली नव्हती.” मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडले आणि सर्वांत मागच्या सिलिंडरजवळ हात धरला. मग तो हात माझ्या खांद्यावर ठेवला.